काड्या फुल्ल, नेट गुल

प्रश्न : ताई, आमच्या ऑफिसात फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात, तरी दुपारनंतर व्हिडिओ नुसता गोल गोल फिरत राहतो. तक्रार केली तर कंपनीचा माणूस म्हणतो, "वाय-फाय वापरा, आणि छताला एक स्मॉल सेल, म्हणजे छोटासा टॉवर, लावून देतो." टॉवरची पॉवर वाढवायची सोडून हे काय? आपलं काम दुसऱ्यावर ढकलणंच ना?

उत्तर : ढकलणं आहेच. आमच्या नेटवर्कच्या कामात त्याला 'ऑफलोड' म्हणायचे, आणि तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मलाही तो कामचुकारपणाच वाटला होता. तरी तो माणूस बरोबर बोलला.

काड्यांवर जाऊ नका. टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती खणखणीत येतो, एवढंच त्या सांगतात. त्याच टॉवरवर तुमच्यासोबत आणखी किती जण लटकलेत, ते सांगत नाहीत. २० मेगाहर्ट्झच्या फोरजी कॅरिअरला, म्हणजे टॉवर वापरतो त्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याला, १०० रिसोर्स ब्लॉक म्हणजे वाटायचे तुकडे मिळतात आणि टॉवर ते दर मिलिसेकंदाला नव्याने वाटतो. वाटेकरी वाढले तरी ब्लॉक शंभरच. पॉवर वाढवून त्यांचे एकशेएक होत नाहीत. उलट शेजारचा टॉवरही बहुतेक त्याच फ्रिक्वेन्सीवर असतो, त्याच्या ग्राहकांच्या कानात आपला गोंगाट वाढतो. शिवाय टॉवर कितीही मोठ्याने बोलला तरी उत्तर तुमच्या फोनला द्यायचंय, आणि नेहमीच्या फोरजी फोनचा दम २०० मिलिवॉटला संपतो.

वाटणीतली खरी गोम मात्र वेगळीच आहे. खिडकीपाशी सिग्नल स्वच्छ असेल तर एकेका सिम्बॉलवर, म्हणजे रेडिओ लहरीच्या एकेका ठोक्यावर, ८ बिट चढवता येतात. चार भिंती आत, लिफ्टजवळ बसणाऱ्या तुमच्या सहकाऱ्याला कसेबसे २ जमतात, आणि त्यातलेही बरेच चुका सावरण्यात खर्ची पडतात. म्हणजे तोच व्हिडिओ बघायला तो तुमच्या चौपटीहून जास्त जागा अडवतो. तो एकटा वाय-फायवर गेला तरी तुमचं चाक फिरायचं थांबेल. तेव्हा वाय-फाय वापरायचं तर पहिला नंबर आतल्या टेबलांचा, तुमचा नंतर.

स्मॉल सेलचं गणितही या वाटणीचंच. एक मजला त्याने उचलला की त्या मजल्याला स्वतःचे वेगळे ब्लॉक मिळतात. १९७३ साली हातातल्या मोबाइलवरून पहिला कॉल करणारे मार्टिन कूपर यांच्या नावाने एक हिशोब सांगितला जातो. १९५७ पासूनच्या साधारण पन्नास वर्षांत बिनतारी संपर्काची क्षमता दहा लाख पटींनी वाढली. त्यात जादा स्पेक्ट्रममुळे २५ पट, त्याचे बारीक तुकडे पाडल्यामुळे ५ पट, मॉड्युलेशन, म्हणजे लहरीवर माहिती चढवायची पद्धत, सुधारल्यामुळे ५ पट. उरलेली १६०० पट सेल लहान करत नेल्यामुळे! आमच्या साहेबांनी हे आकडे फळ्यावर लिहून मला गुणाकार करायला लावला होता, अगदी शाळेतल्यासारखा.

पण डबा लावला की काम झालं, असंही नाही. एका सभागृहात मी छताला पाव वॉटचा सेल बसवला. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडून बघते तर सेलवर अकरा माणसं, आणि बाहेरचा टॉवर ९७ टक्के भरलेला. झालं असं की फोन ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे जातो. टॉवरचे ४० वॉट खिडकीतून सरळ आत येत होते, त्यांच्यापुढे माझी कुजबुज कोण ऐकणार? मग सेलला ६ डीबीचा (डेसिबलचा) ऑफसेट दिला, म्हणजे आवाज कमी असला तरी फोनने याच्याकडेच यावं. माणसं आली. मला हाव सुटली, मी तो ९ केला. खिडकीकडच्या रांगेतले कॉल धडाधड तुटायला लागले, कारण तिथे टॉवर त्याच फ्रिक्वेन्सीवर सेलच्या डोक्यावर ओरडत होता. शेवटी सेलला वेगळा कॅरिअर दिला तेव्हा कुठे ती रांग शांत झाली.

तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला दोन गोष्टी विचारा. कॅरिअर वेगळा देणार का, आणि डब्यामागे वायर कुठली जोडणार? ऑफिसची जी ब्रॉडबँड लाइन वाय-फाय आधीच ओढतंय तीच असेल, तर गर्दी फक्त टॉवरवरून उचलून त्या लाइनवर ठेवली जाईल.

प्रश्न : असा सेल अगदी डोक्यावर असला तर जास्त रेडिएशन नाही का लागणार?

उत्तर : तुमच्या सर्वांत जवळचा ट्रान्समीटर छतावर नाही, कानाला लावलेला आहे. सेल जवळ असला की तो फोनला हळू बोलायला सांगतो आणि फोन आपली पॉवर शेकडो पटींनी खाली आणू शकतो. तळघरात दूरच्या टॉवरला हाका मारणारा फोन पूर्ण जोर लावतो. बॅटरीही तिथेच लवकर उतरते.

प्रश्न : घरातून बोलत बोलत बाहेर पडले की जिन्यात हमखास कॉल तुटतो. वाय-फाय कॉलिंग चालू आहे. दोष कुणाचा?

उत्तर : बहुतेक वेळा फोनच्या चिकटपणाचा. वाय-फाय कॉलमध्ये फोन इंटरनेटवरून कंपनीच्या गेटवेपर्यंत, म्हणजे तिच्या नेटवर्कच्या दारापर्यंत, एक बंदिस्त बोगदा खणतो. तो कॉल न तुटता फोरजीवर नेता येतो, पण फोनने वेळेत ठरवलं तर! टॉवरच्या बाबतीत कधी उडी मारायची हे नेटवर्क ठरवतं. वाय-फाय सोडायचं की नाही, हे फोन स्वतः ठरवतो, आणि तो एका काडीलाही लोंबकळत राहतो. जिन्यात दोन वळणांत सिग्नल मरतो, तेवढ्यात निर्णय होत नाही.

ॲपवरचा कॉल असेल तर आणखी एक भानगड. वाय-फाय सुटताच फोनचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा पत्ता, बदलतो आणि ॲपला नव्याने जोडून घ्यावं लागतं. दोन्ही वाटा एकदम धरून ठेवणारं मल्टिपाथ टीसीपी ॲपलने २०१३ मध्ये सिरीसाठी वापरलं होतं, पण सगळी ॲप्स तशी बांधलेली नसतात.

सेटिंगमध्ये 'वाय-फाय कमजोर असल्यास मोबाइल डेटा वापरा' अशा अर्थाचा पर्याय शोधून चालू करा. आयफोनवर तो 'वाय-फाय असिस्ट' नावाने मोबाइल डेटाच्या पानावर तळाशी सापडेल. त्याने ॲपवरचे कॉल थोडे सावरतील. महत्त्वाचा कॉल असेल तर चप्पल घालतानाच वाय-फाय बंद करा, जिन्यात पोहोचल्यावर नाही.