पास्टरच्या घरातली चूल

"ताई, प्रभूच्या सेवेला निघालेल्या माणसाने सोयी-गैरसोयी बघाव्यात का? बघितल्या तर वधस्तंभ टाळल्यासारखं होत नाही का?" हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो. तरुण सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारक, विचारतात, त्यांच्या बायका विचारतात. एकदा निवृत्तीला आलेल्या एका पाळकांनीही विचारला होता, आणि तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणून एका कुटुंबाची हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जंगलाच्या कडेला एक लहानसं गाव आहे. पास्टर आणि त्यांची बायको, हे जोडपं मूळचं सांगलीकडचं, या गावात अकरा वर्षं सेवेत. बाई पहिल्यांदा बेळगावला माझ्याकडे आल्या त्या एकट्याच. डोकं दुखतं, झोप लागत नाही, प्रार्थनेला बसलं की रडू येतं, एवढंच सांगत होत्या. मी मुलीबद्दल विचारलं तेव्हा बांध फुटला. मुलगी नऊ वर्षांची. दर पावसाळ्यात तिची छाती घरघरायची. घरात चूल, लाकडं ओली, आणि जून ते सप्टेंबर दारं-खिडक्या बंद. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पोरीला धुरापासून लांब ठेवा.

"मग गॅस?"

"हे म्हणतात, लोक चुलीवर रांधतात, आपण वेगळं का राहायचं?"

पुढच्या वेळी दोघे आले. मी पास्टरांना विचारलं, "गावात किती घरांत गॅस आहे?" ते गप्प झाले. उत्तर बाईंनी दिलं, "बहुतेक सगळ्यांकडे आहे, ताई. उज्ज्वलाचा. शेजारच्या काकू मला विचारतात, तुमचा सिलिंडर कधी येणार?"

उज्ज्वला योजना 2016 साली आली. पास्टर गावात आले तेव्हाचं गाव त्यांच्या मनात तसंच राहिलं होतं. खरं गाव मात्र पुढे निघून गेलं होतं. लोकांसारखं राहायचं म्हणून धरलेली चूल आता लोकांकडेही रोजची उरली नव्हती. तिचा धूर फक्त त्यांच्या बायकोच्या डोळ्यांत आणि लेकीच्या छातीत जात होता.

मी त्यांना दोष दिला नाही. हा माणूस आळशी नव्हता, ढोंगी तर मुळीच नव्हता. बंगालमध्ये काम केलेले इंग्रज मिशनरी विल्यम केरी हे त्यांचा आदर्श. घरात केरींची तसबीर होती. मराठी ख्रिस्ती माणसाला केरींबद्दल प्रेम असणारच. 1805 साली त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं, 1811 साली मराठी नवा करार आला. पास्टर भरभरून सांगत होते, तेवढ्यात बाईंनी हळूच विचारलं, "आणि त्यांच्या बायकोचं काय झालं?"

त्यांना ते माहीत नव्हतं. मी सांगितलं. डोरोथीची यायची इच्छा नव्हती, तरी 1793 साली ती नवऱ्याबरोबर बंगालला आली. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला. त्यानंतर तिचं मन सावरलं नाही, आणि 1807 साली ती गेली. मराठीचं व्याकरण छापलं गेलं तेव्हा ती अजून हयात होती, भ्रमिष्ट अवस्थेत. केरींचं काम मोठं आहे, त्यात मला शंका नाही. पण त्या कामाची किंमत कोणी दिली, हेही आपण मोजलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पास्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण पौलाने किती सोसलं!"

"सोसलं," मी म्हटलं. "यरुशलेमात शिपायांनी फटके मारण्यासाठी त्याला चामड्याच्या वाद्यांनी बांधलं, तेव्हा तो काय म्हणाला?"

बायबलमधलं ते वचन त्यांना पाठ होतं. पौल म्हणाला होता, मी रोमी नागरिक आहे, चौकशीशिवाय मला फटके मारणं कायद्यात बसतं का? फटके टळले. फिलिप्पैमध्ये त्याच पौलाने मार खाल्ला होता. दिमिष्कात मात्र तो पाटीत बसून भिंतीवरून उतरला आणि जीव वाचवला. मी त्यांना एवढंच विचारलं, "तुमचा एकेक त्रास घ्या. तो काढून टाकला तर सेवेतलं काय कमी होईल?"

त्यांनी वही काढली. चूल काढली तर काहीच कमी होणार नव्हतं. अकरा वर्षांत कन्नड लिहा-वाचायला न शिकल्यामुळे प्रत्येक कागदासाठी कुणाची तरी मनधरणी करावी लागायची, तेही तसंच. पावसात ओढा चढला की पाण्यातून पलीकडे जायचं, यावर ते अडले. "उपासना चुकेल." पण तिथे पलीकडेच दोन जाणती माणसं होती, प्रार्थना चालवू शकणारी. त्यांना आजवर कुणी संधीच दिली नव्हती. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पास्टरांच्या कष्टांमुळे मंडळीची, म्हणजे तिथल्या चर्चची, वाढच अडली होती.

पैशांची बाब लवकर मिटली. पाठवणाऱ्या मंडळीला त्यांनी कधी काही मागितलंच नव्हतं, आणि मंडळीने न मागण्याचा अर्थ 'सगळं ठीक आहे' असा घेतला होता. पत्र लिहिलं तर गॅसचे आणि खानापुरातल्या भाड्याच्या खोलीचे पैसे लगेच आले. पावसाळ्यात मायलेकी तिथे राहतात, मुलीची शाळाही तिथेच. म्हातारपणाचा विचार म्हणजे अविश्वास असं पास्टरांना वाटायचं. ते 38 वर्षांचे होते, आणि अटल पेन्शन योजनेत 18 ते 40 याच वयात नाव घालता येतं. ही मुदत कळल्यावर त्यांनी त्याच महिन्यात बँकेत जाऊन नाव घातलं.

अपराधी भाव एका वर्षात गेला असं मी म्हणणार नाही. मे महिन्यात पहिल्यांदा दोन आठवडे सांगलीला आई-वडिलांकडे गेले, तेव्हा तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "ताई, इथे बसून मी काय करतोय?" मी म्हटलं, "एलीया संदेष्ट्याने रतामाच्या झुडपाखाली काय केलं? झोपला, उठून भाकर खाल्ली, पाणी प्याला, परत झोपला. देवदूताने त्याला पुढच्या वाटेबद्दल सांगितलं ते दुसऱ्यांदा खायला उठवताना." ते तिकडून हसले. परत आले ते कन्नडचं पुस्तक घेऊन, मुलीच्याच शाळेतलं. आता रात्री मायलेकी त्यांना कागुणित, म्हणजे कन्नडची बाराखडी, गिरवायला लावतात.

गेल्या जुलैत एका रविवारी सकाळी त्यांचा निरोप आला. ओढ्याच्या अलीकडे उभे होते, पाणी पुलावरून चाललं होतं. "परत फिरतोय. पलीकडे उपासना सुरू झाली आहे, वचन आज थोरले काका वाचतायत."