रॅम बदलली, तरी क्रॅश तोच

प्रश्न : ताई, बीईच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी लिनक्सवर छोटी जर्नलिंग फाइलसिस्टीम (बदल आधी जर्नल नावाच्या नोंदवहीत लिहून मग डिस्कवर उतरवणारी) लिहितोय. चार-पाच प्रोसेस एकदम लिहायला लागल्या की कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, मधूनच क्रॅश होतो. लॉगमधला मेमरीचा पत्ता (हेक्समध्ये) दरवेळी तोच : ६बी६बी६बी६बी६बी६बी६बी८३. जर्नलमधले बदल पक्के करणाऱ्या कमिट थ्रेडमध्ये प्रिंटके (लॉगमध्ये मजकूर छापणारी ओळ) टाकली की क्रॅश गायब! लॅबमध्ये म्हणाले रॅम गेली असेल. लॅमिंग्टन रोडवरून नवी आणली, तरी तेच. लॉग आणि कोड सोबत पाठवतोय.
— एक विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर : रॅमवर पैसे गेले याचं फार वाईट वाटलं, कारण उत्तर तुझ्या लॉगमध्येच होतं. खराब रॅम एखाददुसरा बिट उलटवते. ओळीने ६बी लिहीत बसत नाही. ते लिहितो कर्नलचा स्लब ॲलोकेटर, म्हणजे मेमरी वाटणारा भाग. डीबग चालू असलं की मोकळी झालेली मेमरी तो ६बीने भरतो, शेवटच्या बाइटला ए५. म्हणजे तू केफ्री झालेल्या (मोकळ्या केलेल्या) स्ट्रक्चरमधून पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, उचलतोयस. आता शेवटचे ८३ बघ. त्यातून ६बी वजा कर : हेक्समध्ये (सोळाच्या पद्धतीत) १८, आपले २४. म्हणजे त्या पॉइंटरपासून २४ बाइट पुढे तू हात घालतोयस. तुझ्या जर्नल स्ट्रक्चरमध्ये २४व्या बाइटवर काय आहे? वेटक्यू, म्हणजे वाट बघणाऱ्या थ्रेडची रांग.

एवढं कळल्यावर कोड छापून घेतला आणि मुलुंडहून सकाळच्या धीम्या लोकलमध्ये पेन्सिल घेऊन बसले. विक्रोळीच्या आत जागा सापडली. ट्रान्झॅक्शन (एकत्र कमिट होणाऱ्या बदलांचा गट) थांबवणाऱ्या फंक्शनमध्ये तू आधी चालू अपडेट्सचा काउंट कमी करतोस आणि पुढच्याच ओळीत ट्रान्झॅक्शनमधून जर्नलचा पॉइंटर घेऊन वेटक्यू जागी करतोस. त्या दोन ओळींच्या मध्ये काउंट शून्य झालेला बघून कमिट थ्रेड काम उरकतो आणि ट्रान्झॅक्शन मोकळं करून टाकतो. तुझ्या प्रिंटकेने केफ्रीला जरा उशीर व्हायचा, बस. जर्नलचा पॉइंटर आधी लोकल व्हेरिएबलमध्ये घे, मग काउंट कमी कर. लिनक्सची एक्स्ट४ फाइलसिस्टीम ज्यावर चालते त्या जेबीडी२ या जर्नलिंगच्या थराच्या कोडमध्ये नेमक्या याच ठिकाणी कॉमेंट आहे : यापुढे ट्रान्झॅक्शनला हात लावू नका.

एमस्लीप (काही मिलिसेकंद थांबवणारं फंक्शन) टाकून क्रॅशला मात्र गप्प बसवू नकोस. नोकरीच्या सुरुवातीला मी तसं केलं होतं; दोन महिन्यांनी तोच क्रॅश जास्त कोअरच्या मशीनवर परत आला.

माझ्या शब्दावरही जाऊ नकोस, केसॅन, म्हणजे मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलचं साधन, लावून कर्नल बिल्ड कर. लिनक्स ४.०पासून, म्हणजे २०१५पासून ते आहे. दर ८ बाइटमागे १ बाइट हिशेबाला ठेवतं, त्यामुळे मशीन संथ होईल, होऊ दे. रिपोर्टमध्ये चुकीचा ॲक्सेस कुठे झाला, मेमरी कुठे घेतली आणि कुठे सोडली, असे तीन स्टॅक (फंक्शन कॉल्सच्या याद्या) मिळतात. तिसऱ्यात तुझा कमिट थ्रेड दिसायला हवा.

आणि जुनी डिस्क इमेज वापरू नकोस. मेमरीतच बिघडलेला ब्लॉक जर्नलमध्ये गेला असेल तर त्याचा चेकसमही (पडताळणीचा आकडा) त्या बिघडलेल्या ब्लॉकवरूनच निघालेला असतो, आणि रिप्ले, म्हणजे क्रॅशनंतर जर्नल पुन्हा वाचणारा कोड, तो मुकाट्याने डिस्कवर उतरवतो. नवी इमेज फॉरमॅट करून मगच चाचणी घे.