मेक्सिकन लोकांच्या बोलण्यात ‘माद्रे’ (स्पॅनिशमध्ये आई) हा शब्द सारखा येतो, पण आईचा विषय नसतो. मग अर्थ काय, आणि मी वापरू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात स्पॅनिशची बी१ (मध्यम) पातळी झाली, आता काम मेक्सिकोच्या टीमबरोबर आहे, आणि कॉलवर ‘माद्रे’ कधी कौतुकाला, कधी वैतागाला, कधी नुसत्या वस्तूला येतं.

नुसत्या ‘माद्रे’वरून अर्थ लावायला गेलात तर फसाल. त्याच्या मागे-पुढे येणारे बारके शब्द आणि क्रियापद ऐका, सगळा अर्थ तिथे असतो. आपण ‘आयला’ म्हणतो तेव्हा आई डोक्यात नसते, तसंच हे. फक्त मेक्सिकोत त्याची अख्खी यंत्रणा झाली आहे.

सगळ्यात जास्त घोळ ‘बालेर’ (किंमत असणं; रूपं ‘बाले’, ‘बालियो’) या क्रियापदाने होतो. ‘मे बाले माद्रे’ म्हणजे ‘गेलं उडत, मला काय त्याचं’. पण ‘एल सेर्विदोर या बालियो माद्रे’ म्हणजे ‘सर्व्हरची वाट लागली’. फरक त्या ‘मे’चा. ‘मे, ते, ले’ (मला, तुला, त्याला) असं सर्वनाम असलं तर बेपर्वाई, नसलं आणि क्रियापद भूतकाळात असलं तर कारभार आटोपला. दुसरं वाक्य ऐकून ‘याला काही पडलेलीच नाही’ असं समजलात तर तुम्ही निवांत बसाल आणि तिकडे सिस्टिम बंद पडलेली असेल.

दुसरा सापळा ‘पोका माद्रे’. ‘एस्ता दे पोका माद्रे’ ही तारीफ: एक नंबर, भारी. ‘के पोका माद्रे!’ म्हणजे मात्र ‘काय नालायकपणा आहे हा!’ बोलताना ‘दे’ बऱ्याचदा गिळला जातो, म्हणून क्रियापद पकडा. ‘एस्तार’ (असणं; वरचं ‘एस्ता’ त्याचंच रूप) असेल तर बहुधा स्तुती. माणसाबद्दल ‘तेनेर’ (जवळ असणं; रूपं ‘तिएनेस’, ‘तिएनेन’) असेल तर शिवी. ‘नो तिएनेस माद्रे’ तोंडावर म्हटलं तर तुम्ही निर्लज्ज ठरलात, पण टाकोंबद्दल ‘नो तिएनेन माद्रे’ म्हटलं तर त्यांना तोड नाही. म्हणजे एकाच वाक्यरचनेत माणूस निंदेला आणि खाणं कौतुकाला. इथे सूर ऐकण्यावाचून इलाज नाही.

‘आ तोदा माद्रे’ सोपं आहे, नेहमी चांगलंच: झकास. ‘आस्ता ला माद्रे’ मात्र तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लागतं. पुढे ‘दे’ आला तर वैताग. ‘एस्तोय आस्ता ला माद्रे दे खुंतास’ म्हणजे मीटिंगांनी जीव नकोसा केलाय. कर्ता मेट्रो किंवा बार असेल तर खच्चून गर्दी. आणि शुक्रवारी रात्री एखाद्या माणसाबद्दल, पुढे ‘दे’ न लावता म्हटलं, तर तो टाइट आहे.

बाकीचे भराभर. ‘नी माद्रेस’: अजिबात नाही. ‘एन ला माद्रे!’: बोंबला! ‘एचो ला माद्रे’: सुसाट. ‘देस्माद्रे’: राडा, पसारा किंवा धिंगाणा, आणि पार्टीबद्दल असेल तर आनंदानेही म्हणतात. ‘माद्रासो’: जोरदार दणका. ‘पार्तिर्से ला माद्रे’: एक तर जबर आपटणं, नाही तर हाडं झिजेपर्यंत राबणं. ‘एस्ता माद्रे नो सिर्वे’ हे हातातल्या रिमोटला, प्रिंटरला, कशालाही: ‘हे मेलं चालतच नाही’. आणि ‘तार्खेता माद्रे’ ऐकलंत तर चमकू नका. तो कंप्युटरचा मदरबोर्ड, अगदी सभ्य शब्द.

आता, वापरू का? माझं मत: समजून सगळं घ्या, बोलू काहीच नका. हे शब्द बरोबरीच्या नात्यात चालतात. साहेबाने किंवा क्लायंटने वापरला म्हणून तुम्हाला परवाना मिळत नाही. त्यात चूक झाली तर तीही लहान नसते. ‘दे पोका’च्या जागी ‘के पोका’ तोंडातून गेलं की कौतुकाचा अपमान होतो. मेक्सिकन लोकांनी स्वतःच सौम्य पर्याय करून ठेवलेत, ते उचला. ‘आ तोदा माद्रे’ऐवजी ‘आ तोदो दार’, ‘आस्ता ला माद्रे’ऐवजी ‘आस्ता एल गोर्रो’, ‘एन ला माद्रे’ऐवजी ‘एन ला तोर्रे’, ‘नी माद्रेस’ऐवजी ‘नी माईस’. ‘मे बाले सोम्ब्रीया’ हे ‘मे बाले माद्रे’चं घरगुती रूप, पण बेपर्वाई तीच, तेव्हा ऑफिसात तेही नको. आणि कौतुकाला ‘के पाद्रे!’ बिनधास्त म्हणा. बाप मेक्सिकोत पूर्ण सुरक्षित आहे. (स्पेनमध्ये याने कौतुक होत नाही, तिथे ‘ग्वाय’ म्हणतात.)

प्रत्यक्ष मेक्सिकोला गेलात तर एक वेगळीच खबरदारी. दारावर ‘टक, टकटक, टक टक... टक टक’ अशी ती जगभर ओळखीची सात ठोक्यांची टकटक करू नका, हॉर्नवर तर मुळीच नाही. तिकडे त्या ठोक्यांवर आईवरची सात अक्षरी शिवी बसते, आणि ऐकणाऱ्याला ती शब्दांशिवाय कळते.

सहकाऱ्याच्या आईची चौकशी करायची तर ‘तू माद्रे’ टाळा, ‘तू मामा’ (तुझी आई) म्हणा. व्याकरणाने दोन्ही बरोबर, पण पहिल्याने समोरच्याच्या भुवया उंचावू शकतात. अपवाद मातृदिनाचा: ‘फेलिस दिया दे लास माद्रेस’ खुशाल लिहा. १९२२ मध्ये ‘एक्सेल्सियोर’ या वृत्तपत्राच्या पुढाकाराने सुरू झालेला हा दिवस मेक्सिकोत दरवर्षी १० मेलाच असतो, वार कोणताही असो. लोक आईला घेऊन जेवायला बाहेर पडतात, तेव्हा त्या दिवशी त्यांच्या दुपारची मीटिंग लावू नका.