फ्रीझरमध्ये बर्फ होतो, पण खालचा कप्पा थंडच होत नाही. फॅनची मोटर गेली असेल का?

फ्रॉस्ट-फ्री (बर्फ आपोआप वितळवणारा) फ्रीज असेल तर शक्यता बरीच आहे. फ्रीझरचं दार उघडून दाराचा स्विच बोटाने दाबून धरा. कॉम्प्रेसर चालू असूनही आत पंख्याची घरघर नसेल तर प्लग काढा, मगच फ्रीझरच्या आतलं मागचं पॅनल खोला. सगळं बर्फाने माखलेलं दिसलं तर घाई नको. आधी बर्फ पूर्ण वितळू द्या. सुरीने खरवडू नका, गॅसची नळी फुटू शकते! बर्फ पुन्हा साचला तर दोष बहुधा डिफ्रॉस्टचा (बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेचा), मोटरचा नाही. पातं बोटाने फिरवून पाहा. जड फिरलं, अडखळलं तर मोटर बदला. नवी घेताना लेबलवरचे व्होल्ट (१२ व्होल्ट डीसी की मेनचा, म्हणजे घरातल्या विजेचा, एसी) आणि फिरण्याची दिशा जुळवा. वायरी काढण्याआधी फोटो काढाच.