आकृती मोडली, तरी माणूस उरतो कसा?

प्रश्न : मानवी अस्तित्वावरची म्हणून मांडलेली काही अमूर्त तैलचित्रे नुकतीच पाहिली. त्यांत खांदा, पाठ, चेहरा असल्याचा भास होतो, पण नीट पाहू लागले की नुसता रंगच दिसतो. या चित्रांत अस्तित्व शोधायचे कुठे? आणि माणूस ओळखू द्यायचाच नसेल, तर चित्रकार तो काढायला घेतो कशाला?

उत्तर : शेजारी लावलेल्या टिपणात तर शोधूच नये, अशी टिपणे बहुधा चित्रापेक्षा जास्त बोलतात. आकृतीच्या कडेकडे पाहावे. शरीर संपून भोवतालची जागा जिथे सुरू होते, ती सीमा चित्रकाराने कुठे राखली आहे आणि कुठे पुसून टाकली आहे, हे लक्षात आले की तो माणसाविषयी काय म्हणू पाहतो ते उलगडू लागते. विसाव्या शतकातला ब्रिटिश चित्रकार फ्रान्सिस बेकन याच्या ‘हेड सिक्स’ (१९४९) या चित्रात डोक्याचा वरचा भाग उभ्या फटकाऱ्यांत विरून गेला आहे, भोवती काचेच्या पेटीसारख्या रेषा आहेत आणि शाबूत आहे ते उघडे तोंड. ज्यावरून ओळख पटावी ते डोळेच गेले. उरले ते ओरडणारे शरीर.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे रंगाच्या स्वभावात आहे. तैलरंगातले जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होते. त्यामुळे रंग कित्येक दिवस ओला राहतो आणि काढलेला चेहरा पटला नाही तर पॅलेट नाइफने, म्हणजे रंग कालवायच्या बोथट सुरीने, खरवडून त्याच जागी दुसरा काढता येतो, मात्र पहिल्याचा माग अनेकदा खाली राहतोच. अमेरिकेत स्थायिक झालेला डच चित्रकार विलेम द कूनिंग ‘वुमन वन’ हे चित्र १९५० ते १९५२ या काळात असेच रंगवत आणि खरवडत राहिला. त्यातली स्त्री रोखून पाहते, पण तिचे अंग कुठे संपते हे सांगता येत नाही. मोडण्यासाठी आधी माणूस काढावाच लागतो, आणि तो मोडताना झालेली झटापट पृष्ठभागावर दिसते.

अर्थात, अर्धवट सोडलेली प्रत्येक आकृती गहन नसते. कडा सगळीकडे सारख्याच धूसर असतील आणि चित्रकाराने कुठेच निर्णय घेतल्याचे दिसत नसेल, तर शीर्षकात अस्तित्व असले तरी आपण खुशाल पुढच्या चित्राकडे वळावे.