पहिलं घर लावताय? घाई करू नका

नवीन घराबद्दल अभिनंदन! पहिल्याच महिन्यात सगळं घर भरून टाकायचा मोह होतो. तो आवरा. पलंग, गादी, एक कपाट एवढंच आधी घ्या. महिनाभर राहिलात की बाकीचं कुठे काय हवं ते आपोआप कळतं.

नवखे लोक हमखास चुकतात ते इथे:

- टेप न घेता दुकानात जातात. खोलीसोबत जिना आणि दाराची रुंदीही मोजा.
- सुताराकडून मनाच्या मापाचा पलंग करून घेतात, मग गादी मिळत नाही. आधी गादीचं माप ठरवा. ७८ बाय ६० इंच सहज मिळतं.
- वरचा चकचकीत सनमायका बघून भुलतात. आत प्लायवूड आहे की भुशाचा बोर्ड, हे स्पष्ट विचारा आणि बिलावर लिहून घ्या. भुशाचा बोर्ड पाण्याने फुगतो आणि स्क्रू धरत नाही. माझं पहिलं कपाट दोन पावसाळ्यांत असंच गेलं.

सजावटीसाठी मात्र बाहेर बघूच नका. आपली सोलापुरी चादर जीआय मानांकन, म्हणजे त्या-त्या भागाच्या खास मालाला मिळणारं भौगोलिक मानांकन, मिळालेली आहे! जेकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) विणलेली नक्षी उलट्या बाजूलाही रंग बदलून उमटते. चादर उलटून बघा, छापील माल लगेच ओळखू येतो. ओला पांढरा रुमाल घासून रंगही तपासा. दिवाणावर ही चादर आणि भिंतीवर सोलापुरातच विणलेलं वॉल हँगिंग, खोली उजळते. फक्त उन्हाच्या खिडकीसमोर लावू नका, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात रंग उडतात.

पॉलिश, लाकडाच्या जाती वगैरे नंतर बोलू. आधी खोल्यांची मापं कळवा.