हंबनटोटाचं वेड आणि बीकॉमचं दुसरं वर्ष

ताई, पत्र वाचलं. मुलगी एमएसयूत, म्हणजे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, बीकॉम सेकंड इयरला, दिवसभर चीनने कुठलं बंदर घेतलं याचे व्हिडिओ बघते, आणि म्हणते एमए करणार तर इंटरनॅशनल रिलेशन्समध्येच. मिस्टरांचं म्हणणं बँकेच्या परीक्षा दे, बडोद्यात कुठे समुद्र आहे! अहो, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं ओखा बंदर बडोद्याच्या गायकवाड सरकारनेच बांधलं की, सांगा त्यांना.

माझं मत, तिचा विषय बरोबर आहे पण सुरुवात चुकतेय. व्हिडिओत श्रीलंकेतलं हंबनटोटा म्हणजे कर्ज थकलं आणि चीनने बंदर ओढून घेतलं एवढंच असतं. प्रत्यक्षात 2017 ला चायना मर्चंट्स या चिनी सरकारी कंपनीने 99 वर्षांच्या लीजवर ते घेतलं, साधारण 112 कोटी डॉलर दिले, आणि त्या पैशातून बंदराचं कर्ज फेडलंच नाही, ते श्रीलंकेच्या परकीय चलनाच्या गंगाजळीत गेले, कर्ज तसंच डोक्यावर राहिलं. हे कळायला ताळेबंद आणि करार वाचता यायला हवा, नकाशावर बाण काढून नाही कळत.

आपल्याकडेही बघा ना, न्हावाशेवाला दुबईची डीपी वर्ल्ड आहे, सिंगापूरची पीएसए आहे, जमीन बंदराची, ठराविक वर्षं टर्मिनल चालवायचं कंपनीने. बंदरांत 100 टक्के एफडीआय, म्हणजे थेट परकीय गुंतवणूक, चालते, पण 2020 पासून जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतला पैसा असेल तर साधारणपणे आधी सरकारची परवानगी, आणि हा नियम कुणाला डोळ्यासमोर ठेवून केला ते तिला विचारा, ती लगेच सांगेल. आपण स्वतः इराणच्या चाबहार बंदरात 2024 ला 10 वर्षांचा करार केला, तिथे अमेरिकी निर्बंधांची टांगती तलवार. म्हणजे अशा करारांना वकील, फायनान्सवाले, इन्शुरन्सवाले सगळे लागतात. नुसत्या आयआरवर, म्हणजे इंटरनॅशनल रिलेशन्सवर, मात्र नोकऱ्या फार थोड्या, त्याही बहुतेक दिल्लीत, आणि सुरुवातीचा पगार बेताचाच.

तर बीकॉम नीट पूर्ण करू दे. मग इंडियन मेरीटाईम युनिव्हर्सिटीचं पोर्ट अँड शिपिंग मॅनेजमेंटचं एमबीए बघा, किंवा एलएलबी करून गांधीनगरच्या गुजरात मेरीटाईम युनिव्हर्सिटीत मेरीटाईम लॉ. घरापासून लांब नको असेल तर बडोद्यातच लालबागला वाहतूक आणि लॉजिस्टिक्स शिकवणारं गतिशक्ती विश्वविद्यालय आहेच, एकदा जाऊन चौकशी करून या. आयआर नंतर करता येतं, उलट तेव्हा जास्त कामाला येईल.

आणि या सुट्टीत एक करा. मोठ्या बंदरांसाठीचा मॉडेल कन्सेशन अॅग्रीमेंट, म्हणजे टर्मिनल कंपनीला चालवायला देतानाच्या कराराचा सरकारी नमुना, नेटवर मिळतो, त्याची वीसेक पानं तिला वाचायला लावा. कंटाळून बाजूला ठेवला तर मिस्टरांचं ऐका, पण प्रश्न घेऊन तुमच्या मागे लागली तर तिला माझ्याकडे पाठवा, बँकेचा फॉर्म तोपर्यंत भरू नका.